निखळलेला खुबा आणि प्लॅस्टर : एका उपचाराची कहाणी

मूल पहिले पाऊल टाकते तो दिवस प्रत्येक घरात ईदेसारखा असतो. आजी बलाया घेते, शेजारी गोळा होतात. पण एखाद्या घरी या आनंदात एक बारीकशी शंका डोकावते. मुलगी चालते खरी, पण एका बाजूला झुकून चालते. कधी दोन्ही बाजूंना डुलत, बदकासारखी चालते. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "सवय आहे, मोठी झाली की सुटेल." कोणी म्हणते, "नजर लागली असेल." मुलीला दुखत नाही, ती रडत नाही, खेळते, धावते. मग डॉक्टरकडे कशाला जायचे? आणि मुलगी आहे, गावात बोभाटा झाला तर पुढे लग्नाच्या वेळी अडचण, हाही विचार मनात येतो. अशी दोन-तीन वर्षे निघून जातात. ही दोन-तीन वर्षेच सर्वांत मोलाची होती, हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

हे दुखणे नजरेचे नव्हे आणि सवयीचेही नव्हे. हा खुब्याच्या सांध्याचा दोष आहे. त्यावर उपाय आहे, आणि त्या उपायाला मोठा इतिहास आहे. तो पालक बंधु-भगिनींनी आणि विद्यार्थी मित्रांनी समजून घ्यावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

दोष काय आहे?

खुब्याच्या सांध्याला आपण शाळेच्या पुस्तकात उखळीचा सांधा म्हणतो. कमरेच्या हाडात एक खोलगट खोबण असते, आणि मांडीच्या हाडाचे गोल डोके तिच्यात बसते. काही बाळांमध्ये ही खोबण उथळ असते आणि सांध्याभोवतालचे बंध सैल असतात. मग मांडीच्या हाडाचे डोके खोबणीच्या काठावर येते किंवा पार बाहेर निसटते. पूर्ण निखळलेला खुबा साधारणपणे हजारात एक-दोन बाळांत आढळतो. सौम्य दोष त्याहून पुष्कळ अधिक बाळांत असतो. मुलांपेक्षा मुलींमध्ये हा दोष कितीतरी जास्त दिसतो. पहिलटकरणीचे बाळ, पायाळू बाळ, किंवा घराण्यात आधी कोणाला हा दोष असलेले बाळ, यांना धोका अधिक. डावा खुबा उजव्यापेक्षा जास्त वेळा बिघडतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो. खोबण आणि हाडाचे डोके ही दोन्ही एकमेकांच्या सहवासात घडतात. डोके खोबणीत बसलेले असेल, तर वाढत्या वयात खोबण आपोआप खोल होते. डोके बाहेर राहिले, तर खोबण उथळच राहते आणि डोक्याचाही आकार बिघडतो. म्हणून डोके जागेवर बसवून काही काळ तेथेच ठेवायचे, म्हणजे बाकीचे काम निसर्ग करतो. प्लॅस्टरच्या उपचाराचे मर्म एवढेच आहे. मात्र निसर्गाची ही शक्ती पहिल्या काही महिन्यांत आणि वर्षांत सर्वांत जोमदार असते. पुढे ती मंदावत जाते.

जुन्या काळची निराशा

हा दोष मानवाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस यांच्या नावाने चालत आलेल्या सांध्यांवरील ग्रंथात आईच्या पोटातच खुबा निखळलेल्या माणसांचा उल्लेख येतो. पण उल्लेख करणे वेगळे आणि बरे करणे वेगळे. त्यानंतर दोन हजार वर्षे या बाबतीत जवळजवळ काहीच घडले नाही. इ. स. १८२६ मध्ये पॅरिसचे नामांकित शल्यवैद्य दुप्युत्रां यांनी या दोषाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. अपघाताने निखळलेला खुबा आणि जन्मजात निखळलेला खुबा यांतील फरक त्यांनी स्पष्ट केला. पण उपचाराविषयी त्यांचे मत निराशेचेच होते. हा दोष बरा होत नाही, असे ते मानत. एवढ्या मोठ्या माणसाचे मत म्हटल्यावर पुष्कळांनी तेच प्रमाण मानले.

सर्वांनी मात्र ते मानले नाही. फ्रान्सच्याच लिआँ शहरात प्रावाझ नावाचे डॉक्टर कित्येक महिने पाय ताणून ठेवून हाड जागेवर आणण्याचा प्रयत्न करीत होते. १८४७ मध्ये त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढची खरी अडचण वेगळीच होती. हाड एकदा जागेवर आणले, तरी ते तेथे टिकवायचे कसे? चुळबुळ करणाऱ्या लहान मुलाला महिनोन्महिने एकाच स्थितीत ठेवील अशी वस्तू हवी होती.

प्लॅस्टर कोठून आले?

ती वस्तू वेगळ्याच वाटेने आली, आणि या वाटेत पूर्वेच्या लोकांचाही वाटा आहे. दहाव्या शतकात हेरातचे अबू मन्सूर मुवफ्फक यांनी औषधी द्रव्यांवर फारसी भाषेत ग्रंथ लिहिला. मोडलेल्या हाडावर जिप्समचा, म्हणजे भाजलेल्या चिरोडीचा, लेप देण्याचा उल्लेख त्यात आहे. त्याच सुमारास स्पेनमध्ये कुर्तुब्याजवळ अबुल कासिम अज्-जहरावी हे थोर शल्यवैद्य होऊन गेले. त्यांच्या 'अत्-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शल्यकर्मावर असून, मोडलेली हाडे बांधण्याच्या रीती त्यात दिल्या आहेत. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील वैद्य तो कित्येक शतके वाचत राहिले. पुढे १७९८ मध्ये विल्यम ईटन या इंग्रज गृहस्थाने तुर्की साम्राज्यावरील आपल्या पुस्तकात लिहून ठेवले, की साम्राज्याच्या पूर्व भागात मोडलेला पाय प्लॅस्टरच्या साच्यात बसवताना आपण पाहिले, आणि ही रीत फार उपयुक्त आहे.

परंतु येथे उगाच फुशारकी मारू नये. हे सारे मोडलेल्या हाडांविषयी होते. बाळांच्या निखळलेल्या खुब्यासाठी त्या वैद्यांनी प्लॅस्टर वापरले, असे म्हणणे बरोबर होणार नाही. ज्ञान हे कोण्या एका देशाचे किंवा कौमेचे नसते, ते हातोहात पुढे जाते, एवढाच बोध यातून घ्यावा.

आजच्या प्लॅस्टरच्या पट्टीची कल्पना हॉलंडच्या लष्करातील शल्यवैद्य आंटोनियस माथायसेन यांची. १८५१ मध्ये त्यांनी सुती कापडाच्या पट्ट्यांत प्लॅस्टरची कोरडी पूड घासून भरली. पट्टी भिजवायची, गुंडाळायची आणि थोडा वेळ थांबायचे. तेवढ्यात ती दगडासारखी घट्ट होई. क्रिमियाच्या युद्धात रशियन शल्यवैद्य पिरोगोव्ह यांनी जखमी सैनिकांवर प्लॅस्टरचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. अशा रीतीने युद्धात उपयोगी पडलेली वस्तू पुढे पाळण्यातल्या बाळांच्या कामी आली.

व्हिएन्नाचे डॉक्टर लोरेन्झ

या कहाणीचे मुख्य पात्र म्हणजे डॉ. आडोल्फ लोरेन्झ. त्यांचा जन्म १८५४ चा. खोगीर-लगाम तयार करणाऱ्या एका गरीब कारागिराच्या घरी ते जन्मले आणि नातलगांच्या मदतीने शिकले. व्हिएन्ना येथे शल्यवैद्यकात त्यांनी नाव मिळवले. त्या काळी शस्त्रक्रियेच्या वेळी जंतुनाशक म्हणून कार्बोलिक अॅसिड वापरीत. ते लोरेन्झ यांच्या कातडीला सोसेना. हातांवर इसब उठले आणि शस्त्रक्रिया करणे अशक्य झाले. शल्यवैद्याचे हातच गेले, मग उरले काय? दुसरा एखादा हताश होऊन बसला असता. लोरेन्झ यांनी मात्र सुरीशिवाय करता येईल असे काम शोधले, आणि अस्थिव्यंगांच्या उपचाराकडे वळले.

त्या वेळी निखळलेल्या खुब्यावर जर्मनीचे होफ्फा १८९० पासून शस्त्रक्रिया करीत होते. इटलीतील पिसाचे पाची यांनी त्याच्याही थोडे आधी सुरीवाचून हाड बसवण्याचा मार्ग दाखवला होता. लोरेन्झ यांनी १८९० नंतरच्या काही वर्षांत आपली रीत पक्की केली. मुलाला क्लोरोफॉर्म देऊन निजवायचे, मांडीच्या आतील आखडलेले स्नायू हाताने ताणून मोकळे करायचे, मांडी पोटाकडे दुमडून बाहेरच्या बाजूला पूर्ण फाकवायची. मग हाडाचे डोके खोबणीचा काठ ओलांडून आत उडी घेई, आणि ती उडी हाताला स्पष्ट जाणवे. बेडकाचे पाय असतात तशा स्थितीत दोन्ही मांड्या ठेवून कमरेपासून प्लॅस्टर चढवले जाई. ते कित्येक महिने राही. प्लॅस्टरमध्येच मुलाने उभे राहावे, चालावे, म्हणजे अंगाच्या भाराने डोके खोबणीत अधिक रुतेल, असा त्यांचा आग्रह असे. रक्ताचा थेंब न सांडता होणाऱ्या या उपचारामुळे लोक त्यांना 'रक्तहीन शल्यवैद्य' म्हणू लागले.

१९०२ मध्ये अमेरिकेतील शिकागोचे धनाढ्य व्यापारी जे. ऑगडेन आर्मर यांनी आपल्या छोट्या मुलीसाठी लोरेन्झ यांना व्हिएन्नाहून मुद्दाम बोलावून घेतले. एका मुलीसाठी डॉक्टर समुद्र ओलांडून आले, ही बातमी अमेरिकेच्या सर्व वर्तमानपत्रांत झळकली. मग काय, गावोगावचे गरीब आईबाप आपापली लंगडणारी मुले कडेवर घेऊन रुग्णालयांपुढे गोळा झाले. श्रीमंताकडून मोठी बिदागी घेणाऱ्या लोरेन्झ यांनी या गरिबांच्या मुलांवर ठिकठिकाणी मोफत उपचार केले, आणि तेथील डॉक्टरांना आपली रीत उघडपणे दाखवली. आपली विद्या त्यांनी लपवून ठेवली नाही, ही गोष्ट मला त्यांच्या कीर्तीपेक्षाही मोठी वाटते. (पुढे १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ हे त्यांचेच चिरंजीव.)

यशातील उणीव

दोन हजार वर्षे असाध्य म्हटलेला रोग साध्य झाला. कहाणी येथेच संपती, तर फार बरे झाले असते. पण विज्ञानात यशाचीही तपासणी करावी लागते. १८९५ मध्ये रॉन्टगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि प्लॅस्टर निघाल्यानंतर वर्षानुवर्षे सांध्याचे चित्र पाहता येऊ लागले. तेव्हा एक दुःखद गोष्ट उघडकीस आली. पुष्कळ मुलांत हाड जागेवर बसले होते, पण त्याचे गोल डोके चपटे झाले होते, झिजले होते. काही वेळा जोर लावताना हाड मोडे किंवा मज्जातंतूला इजा होई.

असे का व्हावे? हाडाच्या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी नाजूक असतात. मांड्या जबरदस्तीने टोकापर्यंत फाकवून तशाच बांधून ठेवल्या, की त्या वाहिन्या दाबल्या जातात आणि रक्ताअभावी डोके मरू लागते. कॅनडातील टोरांटोचे डॉ. रॉबर्ट साल्टर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे १९६९ मध्ये हे ठामपणे मांडले. मांड्या पुरेशा दुमडाव्यात, पण बेताच्याच फाकवाव्यात, म्हणजे हाडही टिकते आणि रक्तपुरवठाही चालू राहतो. बेडकाची स्थिती सोडून माणसाच्या बाळाची स्वाभाविक स्थिती घ्या, असा त्याचा अर्थ. प्लॅस्टर तेच राहिले. त्यातला जोर तेवढा गेला.

चेकोस्लोव्हाकियातील डॉ. आर्नोल्ड पाव्लिक याच प्रश्नाने बेचैन झाले होते. बाळाला जखडून ठेवण्यातच धोका आहे, तर त्याला हलू का देऊ नये? १९४० नंतरच्या दशकात त्यांनी खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यांचे एक साधन तयार केले. त्यात बाळाचे पाय घोडेस्वाराच्या रिकिबीत अडकवावेत तसे अडकतात. गुडघे वर राहतात, पाय सरळ करता येत नाहीत, पण बाकी बाळ मनसोक्त लाथा झाडते. या हालचालींनीच हाडाचे डोके हळूहळू खोबणीत जाते. सुरुवातीला या कल्पनेला विरोध झाला. आज मात्र सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी जगभर बहुधा हाच पहिला उपाय मानतात.

एका आईने ऐकलेला आवाज

पण पट्ट्याने काम भागायचे, तर दोष सहा महिन्यांच्या आत सापडला पाहिजे. आणि तेव्हा तर बाळ चालतही नसते! मग दोष दिसणार कसा? याचे उत्तर एका आईने दिले, हा या इतिहासातील मला सर्वांत हृद्य वाटणारा प्रसंग.

इटलीतील फेर्रारा येथे डॉ. मारिनो ओर्तोलानी हे बालरोगतज्ज्ञ होते. १९३५ मध्ये एक आई आपल्या पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन त्यांच्याकडे आली. बाळाला धुताना मांड्या फाकवल्या की 'टक्' असा आवाज येतो, एवढीच तिची तक्रार. बाळ हसत-खेळत होते. "काही नाही, घरी जा," असे ओर्तोलानी यांना म्हणता आले असते. ते तसे म्हणाले नाहीत. त्यांनी स्वतः मांड्या फाकवून पाहिल्या, तपासणी केली, आणि तो खुब्याचा दोष निघाला. निसटलेले डोके खोबणीत परत शिरताना तो आवाज होत होता. फ्रान्सचे ल दामानी यांनी असे लक्षण पूर्वी नोंदवले होते, पण ते मागे पडले होते. ओर्तोलानी यांनी १९३७ मध्ये ते प्रसिद्ध केले. दोन हातांनी, मिनिटभरात, एक पैसाही खर्च न करता करता येणारी ही तपासणी आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९६२ मध्ये इंग्लंडचे बार्लो यांनी तिला जोड दिली. नवजात बाळांपैकी सुमारे साठात एकाचा खुबा सैल असतो, आणि त्यांतील बहुतेक दोन महिन्यांत आपोआप सुधारतात, असे त्यांना आढळले. उरलेल्यांना मात्र उपचार हवा.

१९८० मध्ये ऑस्ट्रियाचे डॉ. राइनहार्ड ग्राफ यांनी ध्वनिलहरींनी, म्हणजे सोनोग्राफीने, बाळाचा खुबा पाहण्याची पद्धत पुढे आणली. लहान बाळाचे हाड बरेचसे कूर्चेचे असते आणि ते क्ष-किरणांत दिसत नाही. सोनोग्राफीत ते दिसते.

आजचे प्लॅस्टर

मग प्लॅस्टरची गरज संपली का? नाही. पट्ट्याने यश आले नाही, किंवा दोष सहा महिन्यांनंतर सापडला, तर आजही प्लॅस्टरच कामी येते. साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या मुलाला भूल देऊन हाड हळुवारपणे बसवतात. मांडीच्या आतील आखडलेली शीर लागल्यास थोडी सोडवतात. छातीच्या खालपासून पायापर्यंत प्लॅस्टर चढवतात. ते साधारण तीन महिने राहते, आणि मध्ये एकदा बदलतात. या प्लॅस्टरला शी-शूसाठी जागा ठेवलेली असते. ते ओले होऊ न देणे, बाळाची पायाची बोटे थंड किंवा निळसर होत नाहीत ना हे पाहणे, हे काम आईबापांचे. दीड-दोन वर्षांनंतर मात्र बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि वय वाढेल तसा सांधा चांगला होण्याचा भरवसा कमी होतो. उपचारच झाला नाही, तर तरुणपणी किंवा प्रौढपणी तो सांधा झिजतो आणि दुखू लागतो. लहानपणी न दुखणारा हा दोष व्याजासकट वसुली करतो.

आपल्या घरी काय करता येईल?

जपानमध्ये पूर्वी बाळांना पाय सरळ करून घट्ट गुंडाळण्याची रीत होती, आणि हा दोष शेकड्यात एकाहून अधिक बाळांत दिसे. १९७५ च्या सुमारास तेथे बाळाचे पाय मोकळे ठेवण्याची मोहीम देशभर झाली, आणि हे प्रमाण हजारात दोनच्याही खाली आले. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, केवळ गुंडाळण्याची रीत बदलली! बाळाच्या वाढीत हा दोष घडू शकतो किंवा टळू शकतो, हे ध्यानात आल्यावर डॉक्टरांनी 'जन्मजात' हा शब्दही बदलून 'विकासातील' असा केला. बेलग्रेडचे क्लिसिच यांनी १९८९ मध्ये ही सूचना केली होती.

आपल्याकडे मुलाला पाय फाकवून कडेवर घेण्याची जुनी चाल आहे. ती या सांध्याला हितकारक आहे आणि ती टिकवावी. मात्र अंघोळीनंतर बाळाला दुपट्यात करकचून आवळणे, मालिश करताना पाय सरळ व्हावेत म्हणून ओढणे, हे टाळावे. दुपटे गुंडाळावे, पण आत पाय वर दुमडायला आणि फाकवायला जागा असावी. दोन्ही मांड्या सारख्या फाकत नसतील, एका मांडीवरच्या वळ्या वेगळ्या दिसत असतील, एक पाय आखूड वाटत असेल, किंवा मूल झुकून चालत असेल, तर हाडवैद्याकडे किंवा ताईत-गंड्याकडे न जाता अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. पायाळू जन्मलेल्या बाळाची तपासणी तर काही दिसत नसतानाही करून घ्यावी. खर्चाची चिंता असेल त्यांनी हेही जाणावे, की २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतःच्या ज्या दोषांचा शोध घेतला जातो, त्यांत खुब्याचा हा दोषही धरलेला आहे. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे चौकशी करावी.

विद्यार्थी मित्रहो, या कहाणीत नामवंत डॉक्टर आहेत, तसाच खोगीर करणाऱ्याचा मुलगा आहे आणि एक साधी आईही आहे. दुप्युत्रांसारखा विद्वान जेथे थांबला, तेथून पुढे दुसरे चालले. लोरेन्झ यांचे यश मोठे, पण त्यातील चूक दाखवायला त्यांच्यामागून आलेले कचरले नाहीत. यालाच विद्या म्हणतात. आणि पालकहो, तुमच्या मुलीच्या चालण्यात काही वेगळे दिसले, तर ते लपवू नका. त्या आईने ऐकलेला 'टक्' हा आवाज तिने मनातच ठेवला असता, तर तिचे बाळ आयुष्यभर लंगडले असते. तिने तो बोलून दाखवला, म्हणून जगातील किती मुले आज सरळ चालत आहेत, त्याची गणती करता येणार नाही.